वसईचा गोन्सालो जपानच्या टेकडीवर कसा पोचला? एका माणसाच्या प्रवासातून कॅथलिक धर्माचा इतिहास

आमच्या वसईत गोन्सालो गार्सिया हे नाव ऐकलं नाही असा माणूस सापडणं अवघड आहे. कॉलेजला ते नाव आहे, गासच्या चर्चला ते नाव आहे, फेब्रुवारीत त्याचा सण असतो. पण हा माणूस नक्की कोण होता असं विचारलं तर "संत होता, जपानमधे मारलं त्याला" एवढंच उत्तर येतं आणि पुढे कोणालाच काही सांगता येत नाही. आता विचार करा, शिवाजी महाराजांच्या जन्माच्या सत्तरेक वर्षं आधी जन्मलेला वसईचा मुलगा जपानला गेला कशाला, गेला कसा, आणि तिथे असं काय घडलं की त्याला थेट क्रुसावर चढवलं? मी हे शोधायला बसलो आणि मग लक्षात आलं की या एका माणसाच्या मागे मागे गेलं ना, तर कॅथलिक धर्म भारतात, जपानमधे, फिलिपिन्समधे, मेक्सिकोत कसा कसा पोचला आणि प्रत्येक ठिकाणी त्याचं रूप इतकं वेगळं का झालं हे आपोआप उलगडत जातं.

५ फेब्रुवारी १५९७. नागासाकी बंदराजवळची निशिझाका टेकडी. तिथे २६ क्रूस उभे केले होते आणि २६ जणांना त्यांना बांधून भाल्यांनी मारलं. त्यात चार स्पेनचे, एक मेक्सिकोचा, एक वसईचा आणि वीस जपानी. सगळ्यात लहान होता बारा वर्षांचा मुलगा, लुइस इबाराकी. ज्या काळात इथून गोव्याला जायचं तरी दिवसचे दिवस लागायचे त्या काळात पृथ्वीच्या चार कोपऱ्यांतली माणसं एका टेकडीवर एकत्र मरतात, हे मला अजूनही वाचताना थांबवतं.

आधी थोडं तांत्रिक सांगतो, कारण पुढे तेच उपयोगाला येणार आहे. कॅथलिक हा मूळ ग्रीक शब्द, अर्थ सार्वत्रिक, सगळ्यांसाठीचा. १०५४ मधे पूर्वेकडचं ऑर्थोडॉक्स चर्च आणि रोम यांची फारकत झाली, १५१७ नंतर ल्यूथरमुळे प्रोटेस्टंट वेगळे झाले, आणि रोमच्या पोपला मानणारे ते कॅथलिक. आता यांची रचना अशी की मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, फक्त धर्मगुरू म्हणजे आपण ज्याला फादर किंवा पाद्री म्हणतो तोच करू शकतो, धर्मगुरू फक्त बिशप, म्हणजे त्यांच्यावरचा प्रमुख, घडवू शकतो, आणि बिशप रोमच्या मान्यतेशिवाय होत नाही. म्हणजे नव्या देशात धर्म न्यायचा तर नुसतं पुस्तक आणि उत्साह नेऊन भागत नाही, माणसांची अख्खी साखळी न्यावी लागते. फक्त एक अपवाद आहे, बाप्तिस्मा, म्हणजे पाणी घालून माणसाला ख्रिस्ती करून घ्यायचा विधी. अडीनडीला तो कोणीही देऊ शकतं, बाई असो पुरुष असो, लागतं फक्त पाणी आणि ठरलेले शब्द. हा अपवाद लक्षात ठेवा.

बरं, ही साखळी समुद्रापार न्यायची तर जहाजं लागणार, पैसा लागणार, आणि पोपकडे तेवढी जहाजंही नव्हती आणि पैसाही नव्हता. ते होतं पोर्तुगाल आणि स्पेनच्या राजांकडे. मग व्यवहार ठरला. पोर्तुगालच्या राजाला पंधराव्या शतकात पोपने एकामागून एक फर्मानं दिली, त्यातलं १४५५ चं मोठं, की नव्या प्रदेशात चर्च बांधायची, पाद्री पाठवायचे, त्यांचा खर्च उचलायचा ही जबाबदारी राजाची, आणि बदल्यात तिथे बिशप कोण असावा हे राजा सुचवणार. याला पाद्रुआदो म्हणतात. स्पेनच्या राजालाही असेच हक्क मिळाले. आणि १४९४ मधे तोर्देसिलासच्या तहात या दोन देशांनी अटलांटिकमधून एक उभी रेघ मारून जग वाटून घेतलं, पूर्वेकडचं पोर्तुगालचं, पश्चिमेकडचं स्पेनचं. ब्राझीलचा पूर्वेकडचा भाग त्या रेघेच्या पोर्तुगीज बाजूला आला म्हणून तिथे आज पोर्तुगीज बोलतात आणि आजूबाजूला सगळीकडे स्पॅनिश, आणि आज जगात सगळ्यात जास्त कॅथलिक लोक त्याच ब्राझीलमधे आहेत. त्या रेघेच्या आत राहणाऱ्या लोकांना कोणी विचारलं होतं का, तर नाही. हे स्वच्छ सांगायलाच हवं.

एक गोष्ट मात्र मधेच सांगतो कारण ती आपल्याकडची आहे आणि फार कमी लोकांना माहीत असते. पोर्तुगीजांच्या कितीतरी आधी, १३२१ मधे, चार फ्रान्सिस्कन पंथाचे साधू आपल्या ठाण्यात येऊन मारले गेले होते, हो, आत्ताच्या लोकल स्टेशनवाल्या ठाण्यातच. आणि केरळात तर संत थॉमसची परंपरा सांगणारे ख्रिस्ती त्याच्याही शेकडो वर्षं आधीपासून होते, त्यांची प्रार्थना सिरियाक भाषेत चालायची. म्हणजे ख्रिस्ती धर्म भारतात पोर्तुगीजांनी आणला हे वाक्य आपण सर्रास म्हणतो ते बरोबर नाही. पोर्तुगीजांनी आणली ती रोमची ही साखळी, राजाच्या शिक्क्यासकट.

गोवा १५१० मधे आल्बुकर्क या पोर्तुगीज सेनानीने घेतलं, १५३४ मधे तिथे धर्मप्रांत झाला आणि त्याची हद्द कुठून कुठपर्यंत, तर आफ्रिकेच्या दक्षिण टोकापासून चीनपर्यंत! त्याच १५३४ च्या डिसेंबरमधे गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि आसपासचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. फ्रान्सिस्कन आले, मागोमाग जेझुइट नावाच्या दुसऱ्या संघाचे पाद्री आले, वसई, ठाणे, साष्टी, वांद्रे, सगळीकडे चर्च उभी राहिली.

इथे लोक ख्रिस्ती कसे झाले हा प्रश्न नेहमी निघतो आणि त्यावर दोन टोकाची उत्तरं दिली जातात, एक म्हणतं सगळं तलवारीच्या धाकाने, दुसरं म्हणतं सगळं प्रेमाने. खरी गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. गोव्यात जबरदस्ती झाली आणि ती कायद्याने झाली, देवळं पाडली गेली, १५५९ मधे हिंदूंच्या अनाथ मुलांना ताब्यात घेऊन बाप्तिस्मा देण्याचा हुकूम निघाला, १५६० मधे इन्क्विझिशन, म्हणजे धर्माविरुद्ध वागणाऱ्यांना शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, आलं आणि मधली चार वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत राहिलं. मंगेशीचं देऊळ आज प्रियोळला का आहे? कारण मूळ कुठ्ठाळीला होतं आणि त्याच काळात भक्तांनी देव रातोरात नदीपार नेला. हे झालं एका बाजूला. दुसऱ्या बाजूला नोकरी, जमीन, संरक्षण यांच्यासाठी अख्खीच्या अख्खी गावं किंवा जातीचे गट एकत्र गेले, काही जण मनापासून गेले, आणि गंमत म्हणजे जात सोबत घेऊन गेले, गोव्यातल्या कॅथलिकांत बामण आणि चारडो हा भेद अजून लग्न जमवताना निघतो. वसईतही सामवेदी, वाडवळ, कोळी हे सगळे आपापल्या बोलीसकट, आपापल्या लुगड्यासकट ख्रिस्ती झाले.

या वसईत साधारण १५५७ च्या सुमारास गोन्सालो जन्मला. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. किल्ल्यात जेझुइटांकडे शिकला आणि पंधराएक वर्षांचा असताना त्यांच्यातल्याच एका फादरसोबत जहाजाने जपानला गेला.

पण जपानला जेझुइट गेलेच कसे, तिथे तर पोर्तुगीजांची सत्ता नव्हती? तर त्याची सुरुवातही आपल्याकडून झाली. फ्रान्सिस झेवियर हा जेझुइट फादर १५४२ मधे गोव्यात आला, पुढे मलाक्काला त्याला अंजिरो नावाचा एक जपानी माणूस भेटला, तो गोव्यात येऊन सेंट पॉल कॉलेजात शिकला, तिथेच त्याचा बाप्तिस्मा झाला, आणि त्याला घेऊन झेवियर १५४९ च्या ऑगस्टमधे जपानच्या कागोशिमाला उतरला. आता अडचण भाषेची. देव या शब्दाला जपानीत काय म्हणायचं? अंजिरोने सुचवलं, दाइनिची. झेवियर गल्लोगल्ली सांगत फिरला, दाइनिचीची पूजा करा, आणि बौद्ध भिक्षूंनी त्याचं आनंदाने स्वागत केलं, कारण दाइनिची हे शिंगोन बौद्ध पंथातल्या वैरोचन बुद्धाचं नाव! वर हा माणूस भारतातून आलेला, म्हणजे बुद्धाच्या देशातून, त्यामुळे लोकांना वाटलं हा बौद्ध धर्माचाच एखादा नवा पंथ आहे. चूक कळल्यावर झेवियरने तो शब्द टाकला आणि सरळ देउस हा लॅटिन शब्दच वापरायला सुरुवात केली.

ही शब्दाची भानगड मला फार महत्त्वाची वाटते. कारण याच प्रश्नाचं उलटं उत्तर पुढे गोव्यात एका इंग्रज जेझुइटाने दिलं, थॉमस स्टीफन्स, १५७९ मधे आलेला. त्याने साधारण अकरा हजार ओव्यांचं ख्रिस्तपुराण मराठीत लिहिलं, १६१६ मधे ते रायतूरला छापलं गेलं, आणि त्यात स्वर्गाला तो चक्क वैकुंठ म्हणतो. जपानमधे परका शब्द आणला की घोटाळा टळतो असं ठरलं, आणि इथे आपला शब्द घेतला तरच माणसाच्या मनापर्यंत पोचता येतं असं ठरलं. दोन्हीमागे विचार होता. पुराण, ओवी, वैकुंठ, ज्या लोकांची देवळं पन्नास वर्षांपूर्वी पाडली त्यांच्याच नातवंडांना त्यांच्याच छंदात ही गोष्ट ऐकवणं यात प्रेमही आहे आणि एक जखमही आहे, मला दोन्ही दिसतात.

परत जपान. तिथे सैन्य नाही, गव्हर्नर नाही, इन्क्विझिशन नाही. त्यामुळे जेझुइटांना नम्र व्हावं लागलं. जपानमधे तेव्हा बरेच सरदार, दाइम्यो, एकमेकांशी लढत होते आणि प्रत्येकाला चीनच्या किनाऱ्यावरच्या मकावहून येणारं पोर्तुगीज जहाज आपल्या बंदरात हवं होतं कारण त्यात चिनी रेशीम असायचं. जहाज जिथे तिथे पाद्री, म्हणून काही सरदारांनी बाप्तिस्मा घेतला, पहिला ओमुरा सुमितादा, १५६३ मधे, आणि त्यानेच पुढे १५८० मधे नागासाकी बंदर जेझुइटांच्या हवाली केलं. १५७९ मधे वालिन्यानो नावाचा इटालियन वरिष्ठ आला, त्याने नियम घातला की जपानी पद्धतीने बसायचं, जेवायचं, स्वच्छता पाळायची, जपानी मुलांना शिकवून धर्मगुरू करायचं. त्याच शाळांमधून पाउलो मिकी नावाचा एक सरदार घराण्यातला मुलगा तयार झाला, उत्तम वक्ता, तोही पुढे त्याच टेकडीवर होता. आणि जाता जाता सांगतो, आपण पाव म्हणतो आणि जपानी लोक पावाला पान म्हणतात, दोन्ही एकाच पोर्तुगीज शब्दापासून आले, म्हणजे वडापावमधला पाव आणि टोकियोतल्या बेकरीतला पान एकाच जहाजाने निघालेले भाऊ आहेत.

गोन्सालो जपानी अस्खलित बोलायला शिकला, गावोगाव धर्मशिक्षण द्यायचा, लोकांना आवडायचा. त्याला जेझुइट संघात जायचं होतं. घेतलं नाही. त्या काळी हिंदुस्थानात जन्मलेल्या माणसाला त्या संघाचं दार जवळजवळ बंद असायचं, जपानी मुलांना घ्यायचे पण इथल्यांना नाही. सार्वत्रिक असं नाव असलेल्या धर्मात हे चालत होतं याचा मला राग येतो, आणि तो यायलाच हवा. गोन्सालोने मग व्यापार केला, त्यात चांगला जम बसवला आणि पुढे मनिलाला गेला.

मनिलाला गेला म्हणजे एका अर्थी त्याने रेघ ओलांडली, पोर्तुगीज बाजूकडून स्पॅनिश बाजूकडे, कारण स्पॅनिश लोक पश्चिमेकडे जात जात तिथे पोचले होते. इथे वेगळंच जग होतं. फिलिपिन्समधे स्पेनच्या जहाजांचा कप्तान मॅगेलन १५२१ मधे सेबूला आला, तिथल्या राजाला बाप्तिस्मा दिला, बाल येशूची एक मूर्ती दिली आणि काही दिवसांत माक्तान बेटावर लापुलापूशी लढताना मेला. चव्वेचाळीस वर्षांनी, १५६५ मधे, लेगास्पी हा स्पॅनिश सेनानी आला तेव्हा ती मूर्ती सेबूमधे जपलेली सापडली, ती आजही तिथे आहे आणि तिची मोठी जत्रा भरते. १५७१ मधे मनिला घेतलं. तिथे गोव्यासारखी मोठमोठी देवस्थानं, पुराणं, शास्त्री नव्हते, मोठं राज्य नव्हतं, विखुरलेल्या छोट्या छोट्या वस्त्या होत्या. स्पॅनिश साधूंनी काय केलं तर या वस्त्या एकत्र आणून चर्चभोवती गावं वसवली, घंटेचा आवाज जिथवर पोचतो तिथवर राहायचं. प्रत्येक संघाला वेगळा भाषाप्रदेश वाटून दिला आणि साधूंनी स्पॅनिश शिकवण्यापेक्षा स्वतः तागालोग, बिसाया शिकणं पसंत केलं, १५९३ मधे मनिलात तागालोगमधे धर्मशिक्षणाचं पुस्तक छापलंसुद्धा. दक्षिणेकडे मिंदानाओ आणि सुलूमधे इस्लाम आधीच पोचला होता, तिथे सुलतान होते, तिथे मात्र हे जमलं नाही आणि तो फरक आजच्या नकाशावरही दिसतो. तरी अख्ख्या देशात दर दहा माणसांत जवळजवळ आठ कॅथलिक.

आणि हे सगळं माद्रिदहून थेट चालत नव्हतं, मेक्सिकोमार्गे चालत होतं. मनिला आणि आकापुल्को यांच्यामधे अडीचशे वर्षं स्पॅनिश जहाजं ये-जा करत होती. मेक्सिकोतली सुरुवात आणखी भयंकर, १५२१ मधे स्पेनच्या कोर्तेसने तिथल्या अॅझ्टेक लोकांची राजधानी पाडली, देवीसारख्या साथींनी लाखो माणसं गेली, आणि त्या उद्ध्वस्त देशात १५२४ मधे बारा फ्रान्सिस्कन साधू पोचले. पण तिथे धर्म खोल रुजला तो ग्वादालुपेच्या मरियेमुळे. परंपरा सांगते की १५३१ मधे तेपेयाकच्या टेकडीवर हुआन दिएगो नावाच्या स्थानिक माणसाला मरियेने दर्शन दिलं, ती सावळी होती आणि त्याच्याशी त्याच्या नाहुआत्ल भाषेत बोलली. त्या टेकडीवर आधी स्थानिक मातृदेवतेचं स्थान होतं. कोणाला यात चमत्कार दिसेल कोणाला इतिहास, पण हरलेल्या माणसांना देवाची आई आपल्या रंगाची आणि आपल्या भाषेची मिळाली, ही गोष्ट हजार फर्मानांपेक्षा मोठी होती एवढं नक्की.

मनिलात गोन्सालोला फ्रान्सिस्कनांनी ब्रदर, म्हणजे धर्मगुरू नसलेला संघातला साधू, म्हणून घेतलं. आणि १५९३ मधे पेद्रो बाउतिस्ता हा फ्रान्सिस्कन फिलिपिन्सच्या गव्हर्नरचा दूत म्हणून जपानला निघाला तेव्हा दुभाषा म्हणून गोन्सालोला सोबत नेलं. म्हणजे जपानचा सर्वेसर्वा तोयोतोमी हिदेयोशी आणि स्पेनचा वकील यांच्यामधे उभं राहून बोलणारा माणूस वसईचा होता! पुढे त्यांनी क्योतोमधे मठ काढला, कुष्ठरोग्यांसाठी दवाखाने काढले.

पण इथेच ती रेघ आडवी आली. १५८५ मधे पोपने जपान फक्त जेझुइटांना दिलं होतं, म्हणजे पाद्रुआदोला, गोवा-मकावच्या साखळीला. आता मनिलाहून स्पॅनिश फ्रान्सिस्कन येऊन उघड्यावर प्रवचनं द्यायला लागले. जेझुइट म्हणायचे जरा सांभाळून, हिदेयोशीने १५८७ मधेच पाद्र्यांनी देश सोडावा असा हुकूम काढलेला आहे, व्यापारासाठी तो डोळेझाक करतोय एवढंच. फ्रान्सिस्कन म्हणायचे गरिबांकडे उघडपणेच जायचं. दोघं एकाच देवाचे, एकाच पोपचे, आणि या वेळेपर्यंत स्पेन-पोर्तुगालचा राजाही एकच, तरी भांडण.

१५९६ च्या ऑक्टोबरमधे मनिलाहून आकापुल्कोला निघालेलं सान फेलिपे हे जहाज वादळात सापडून जपानच्या शिकोकू बेटावर आदळलं. त्यात मेक्सिकोचा फेलिपे दे हेसुस होता. तो घरी कशाला निघाला होता? धर्मगुरू व्हायला, कारण तेव्हा मनिलात बिशप नव्हता आणि बिशपशिवाय धर्मगुरू होता येत नाही, मघाशी सांगितलेला नियम. जहाजावरचा माल जप्त झाला, आणि असं सांगतात की जहाजाच्या खलाशाने दरडावण्यासाठी नकाशा उघडून स्पेनचं साम्राज्य किती मोठं आहे ते दाखवलं आणि बोलून गेला की आधी पाद्री जातात, मग सैन्य जातं. तो नेमकं काय बोलला यावर जेझुइट आणि फ्रान्सिस्कन पुढे कितीतरी वर्षं भांडत राहिले. पण हिदेयोशीला जे समजायचं ते समजलं. क्योतो-ओसाकातले फ्रान्सिस्कन, त्यांच्याजवळचे जपानी भाविक, तीन जपानी जेझुइट पकडले, कानाचा तुकडा कापला, आणि भर थंडीत जवळजवळ महिनाभर नागासाकीपर्यंत चालवत नेलं, मुद्दाम, वाटेत लोकांनी बघावं म्हणून. निघाले चोवीस, वाटेत दोघं वाढले. आणि मग ती टेकडी.

१६१४ मधे तोकुगावा राजवटीने ख्रिस्ती धर्मावर संपूर्ण बंदी घातली. तेव्हा जपानमधे साधारण तीन लाख ख्रिस्ती होते असं मानतात. मग शोधाशोध, छळ, येशू-मरियेच्या चित्रावर पाय ठेवून दाखवायचा, प्रत्येक घराने बौद्ध देवळात नाव नोंदवायचं. १६३७-३८ मधे शिमाबाराला शेतकऱ्यांचं बंड झालं, करांमुळे आणि छळामुळे, ते चिरडलं, हजारो मेले, आणि १६३९ पासून पोर्तुगीज जहाजांना जपानचं दार बंद. एकही पाद्री उरला नाही. जगाने समजलं, संपलं.

आता वसईत या. मे १७३९, चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला जिंकला, हे आपण शाळेत शिकतो, आणि भीमाशंकरला, मेणवलीला, नाशिकच्या नारोशंकराला ज्या मोठ्या घंटा आहेत त्या वसईच्या मोहिमेतल्या म्हणून दाखवतात. पण नंतर काय झालं हे शाळेत येत नाही. युरोपियन पाद्री गेले, राजाचा पैसा गेला, किल्ल्यातली चर्च ओस पडली. गावं मात्र ख्रिस्तीच राहिली. सत्ता गेल्यावर जबरदस्तीने आलेला धर्म उडून जायला हवा होता ना? गेला नाही. चर्च सांभाळली ती गोव्याच्या देशी पाद्र्यांनी, ज्यांना इतकी वर्षं दुय्यम वागवलं होतं त्यांनी. अशाच एका देशी पाद्र्याची, दिवाडी बेटावरच्या मातेउश द काश्त्रूची, शंभरेक वर्षं आधीची गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे, गोव्यात वर जायला वाव मिळेना म्हणून तो थेट रोमला गेला. रोमनेही राजांच्या तावडीतून धर्मप्रसार सोडवण्यासाठी १६२२ मधे प्रोपगांडा फिदे नावाचं स्वतःचं खातं काढलं होतं, त्याच्यामार्फत तो १६३७ मधे बिशप झाला, परत आला आणि गोव्याच्या पोर्तुगीजांनी त्याला मानायला नकार दिला. मुंबईत तर पुढे काही चर्च पाद्रुआदोची आणि काही प्रोपगांडाची अशी दुहेरी व्यवस्था पार विसाव्या शतकापर्यंत चालली.

आणि घरात काय होतं? घरात सामवेदी बोली होती, उंबराचं पाणी आणायची लग्नातली रीत होती, ओव्या होत्या. लोकांनी धर्म आपल्या घरच्या चुलीपाशी आणून ठेवला होता, तो तिथून काढायला कोणी आलं नाही आणि आलं असतं तरी निघाला नसता. मिस्सा मात्र लॅटिनमधे चालायची, कळो न कळो, ती मराठीत झाली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६२ ते ६५ नंतर. आज वसईच्या चर्चमधे रविवारी मराठी गायनमंडळ ऐका. २०२० मधे उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते तेव्हा काहींना आश्चर्य वाटलं, आम्हाला नाही वाटलं.

कोरियाची तऱ्हा तर सगळ्यांहून वेगळी. तिथे सुरुवात करून द्यायला कोणी पाद्री गेलाच नाही. चीनमधल्या जेझुइटांनी चिनी भाषेत लिहिलेली पुस्तकं कोरियन विद्वानांनी वाचली, आपापसात चर्चा केली आणि १७८४ मधे त्यांच्यातला यी सुंग-हुन पेकिंगला जाऊन स्वतःहून बाप्तिस्मा घेऊन आला आणि परत येऊन इतरांना द्यायला लागला. पहिला पाद्री पोचला १७९५ मधे, तोही चिनी, तोपर्यंत तिथे हजारोंनी कॅथलिक झाले होते. ना जहाज, ना राजा, ना रेघ.

आता शेवटचं. १८६२ मधे रोमने त्या २६ जणांना संत घोषित केलं, भारतात जन्मलेला पहिला संत म्हणजे आपला गोन्सालो. जपान तेव्हा नुकताच परदेशी लोकांना उघडा झाला होता, म्हणून नागासाकीत परदेशी लोकांसाठी फ्रेंच पाद्र्यांनी ओउरा इथे एक चर्च बांधलं, त्या २६ जणांच्या नावाने, निशिझाकाच्या दिशेने तोंड करून. १७ मार्च १८६५ ला दुपारी उराकामी गावचे दहापंधरा शेतकरी दारात आले. फादर पेतीजाँ आत प्रार्थनेला गुडघ्यावर बसले होते. एक बाई जवळ आली आणि हळूच म्हणाली, आमचं मन आणि तुमचं मन एकच आहे. सांता मारियाची मूर्ती कुठे आहे?

अडीचशे वर्षं! एकही फादर नाही, मिस्सा नाही. मग काय होतं? बाप्तिस्मा होता. गावातला एक माणूस सणावारांचं कॅलेंडर सांभाळायचा, एक माणूस मुलांना पाणी घालायचा, त्याला मिझुकाता म्हणायचे, पाणीवाला. लॅटिन-पोर्तुगीज-जपानी मिसळलेल्या प्रार्थना, ओराशो, आई-बापाकडून मुलांकडे कुजबुजत गेल्या, अर्थ हरवला तरी शब्द सोडले नाहीत. कान्नोन या बौद्ध करुणादेवतेच्या मूर्तीत ते मरियेला बघायचे. म्हणजे तीच ती एक फट, तो अपवाद, त्यातून हे लोक सात पिढ्या चालत आले.

बाहेर आल्यावर त्यांना परत छळलं, बंदी अजून होतीच, उराकामीच्या तीन हजारांहून जास्त लोकांना देशभर तुरुंगात आणि वनवासात पाठवलं, त्यातले शेकडो परतले नाहीत. १८७३ मधे बंदीचे फलक उतरले. परत आलेल्यांनी पै पै जमवून गावच्या मुखियाच्या वाड्याची जागा विकत घेतली, जिथे दरवर्षी त्यांना चित्रावर पाय ठेवायला उभं करायचे तीच जागा, आणि तिथे चर्च बांधलं. ९ ऑगस्ट १९४५ ला अणुबॉम्ब त्या चर्चच्या जवळच फुटला. त्यांनी ते पुन्हा बांधलं.

काही गुप्त ख्रिस्ती मात्र रोमकडे परत गेलेच नाहीत, इकित्सुकीसारख्या बेटांवर त्यांनी आजोबा-पणजोबांची पद्धतच चालू ठेवली, कारण त्यांच्या लेखी खरा धर्म तोच होता. मला त्यांचंही बरोबर वाटतं.

निशिझाका टेकडीवर १९६२ मधे, संतपदाला शंभर वर्षं झाली तेव्हा, सव्वीस जणांच्या ब्राँझच्या मूर्ती एका ओळीत बसवल्या आहेत. वसईहून कोणी त्या बाजूला गेलं तर त्या ओळीत गोन्सालो शोधा आणि त्याच्याशी आपल्या बोलीत दोन शब्द बोला. पंधराव्या वर्षी घर सोडून गेलेला पोरगा आहे तो, आईची भाषा ऐकून फार दिवस झालेत त्याला.